बस आली नाही, आता पैसे कुणाकडे मागायचे?

गणपतीच्या आधी मुंबई-ठाण्याहून कोकणात निघणारे चाकरमानी असोत की दिवाळीला पुण्याहून लातूर, नांदेड, अकोला, नागपूर गाठणारी नोकरदार मुलं, बसचं तिकीट आता बहुतेकांना मोबाइलवरच काढावं लागतं. ते निघतंही दोन मिनिटांत. खरी परीक्षा काही बिघडल्यावर सुरू होते. ॲपवाले सांगतात, ‘ट्रॅव्हल्सला विचारा.’ ट्रॅव्हल्सचा माणूस म्हणतो, ‘पैसे ॲपने घेतलेत, आम्ही कुठून देणार?’ बँकेत चौकशी केली तर ‘आमच्याकडून रक्कम गेली आहे’ एवढंच उत्तर मिळतं. रात्री साडेदहाला वाकडच्या पुलाखाली सामान घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काय करावं ते सुचत नाही, आणि आठवडाभर फोन करून दमल्यावर तो पैशांवर पाणी सोडतो.

हे पाणी सोडणं थांबायला हवं, म्हणून हा लेख. बसतिकिटाचे अडकलेले पैसे बऱ्याचदा परत मिळू शकतात. त्यासाठी दोन प्रश्नांची उत्तरं लागतात. पैसे या घडीला कुणाकडे आहेत? आणि ठरलेला सौदा मोडला कुणी? पहिल्या उत्तरावरून कुठलं दार ठोठवायचं ते कळतं आणि दुसऱ्यावरून किती मागायचं ते ठरतं. दोन्हींचा पुरावा घटना घडते त्याच तासात गोळा करावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो अर्धा नाहीसा झालेला असतो.

एसटी महामंडळाच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून शिवनेरी, शिवशाही अथवा साध्या गाडीचं आरक्षण केलं तर विकणारा आणि गाडी चालवणारा एकच असतो, त्यामुळे जबाबदार कोण यावर वाद होत नाही. खासगी ट्रॅव्हल्सचं तसं नाही. ॲप हे दुकान, गाडी सोडणारी ट्रॅव्हल्स दुसरी, कित्येकदा गाडीचा मालक तिसराच, आणि पैसे वाहून नेणारी पेमेंटची कंपनी चौथी. हा ऑनलाइन धंदा आपल्याकडे फोफावला तोही प्रवाशाच्या अडचणीतूनच. फणिंद्र सामा यांना दिवाळीत बंगळुरूहून हैदराबादला घरी जायला तिकीट मिळालं नाही आणि त्यातून २००६ साली रेडबस सुरू झाली. जागा शोधण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला. गाडी बिघडली, आलीच नाही किंवा वेगळी आली तर उत्तर कुणी द्यायचं, हा प्रश्न मात्र प्रवाशाच्या माथी राहिला.

पैसे गेले, तिकीट नाही

सगळ्यांत जास्त घबराट इथे होते. यूपीआयवरून रक्कम कापल्याचा संदेश आला, ॲपवर मात्र ‘व्यवहार अयशस्वी’. अशा वेळी हात लगेच दुसऱ्यांदा पैसे भरायला जातो. थांबा. आधी ॲपमध्ये ‘माझी बुकिंग’ उघडून पाहा, मेल आणि एसएमएस तपासा. तिकीट कधी कधी दहा-पंधरा मिनिटं उशिरा येतं. मधल्या वेळात तुमची सीट ‘भरलेली’ दिसली तर ती बहुधा तुमच्याच नावाने काही मिनिटं अडवून ठेवलेली असते. घाईने दुसरं तिकीट काढलं आणि मग पहिलंही आलं, तर एक तिकीट रद्द करण्याचा भुर्दंड तुमच्यावरच पडतो.

तिकीट आलंच नाही तर यूपीआय ॲपमधल्या त्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक टिपून ठेवा. तो हाती असला की विचारायचा प्रश्न एकच उरतो : हे पैसे कंपनीला पोचले का? पोचल्याची खात्री कंपनीला मिळालीच नसेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप खात्यात परत यायला हवी. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता द्यायची आहे. कार्डाने ऑनलाइन भरलेल्या पैशांनाही हेच लागू आहे. ही भरपाई आपल्याला मिळू शकते हे फारच थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून बँकेला लिहिताना परिपत्रकाची तारीख जरूर घाला. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पैसे कंपनीला पोचले आणि तरीही तिकीट दिलं नाही, तर मात्र बँकेचा विषय तिथेच संपतो. मग रक्कम कंपनीनेच परत करायची आहे आणि तक्रारही तिच्याच नावाने करायची.

‘तुम्हीच कॅन्सल करा’

या एका वाक्याने प्रवाशांचं जेवढं नुकसान होतं तेवढं दुसऱ्या कशाने होत नसेल. दुपारी तीनला फोन येतो : ‘आजची गाडी रद्द आहे, तुम्ही ॲपवरून तिकीट कॅन्सल करून टाका, पैसे येतील.’ बोलणारा नम्र असतो, आपणही घाईत असतो, आणि आपण बटण दाबतो. त्या क्षणी नोंदीत सौदा मोडणारे आपण ठरतो. गाडी सुटायला सहा तास राहिलेत, म्हणून ॲपच्या नियमाप्रमाणे निम्मी किंवा त्याहून मोठी रक्कम कापली जाते. नंतर कितीही सांगा की गाडीच रद्द होती, ॲपचा कर्मचारी पडद्यावरची नोंद वाचून दाखवतो : ‘तिकीट प्रवाशाने रद्द केले.’

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा : गाडी त्यांनी रद्द केली असेल तर तिकीट त्यांनीच रद्द करायचं. फोनवर शांतपणे सांगा, ‘गाडी रद्द झाल्याचं मला एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. तिकीट मी रद्द करणार नाही.’ लगेच ॲपच्या मदत विभागात तेच लिहा : अमुक वाजता, अमुक क्रमांकावरून, गाडी रद्द असल्याचं सांगण्यात आलं. चॅटवर लिहिणं फोनपेक्षा बरं, कारण ते जपून ठेवता येतं. संवाद संपण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट काढा. चॅटची खिडकी बंद झाली की पुष्कळदा मजकूरही दिसेनासा होतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये याविषयी एक कलम आहे आणि ते प्रत्येक प्रवाशाला माहीत असायला हवं. कंपनी स्वतः एकतर्फी सौदा रद्द करते तेव्हा ती जर ग्राहकाला तसाच भुर्दंड देत नसेल, तर ग्राहकाने रद्द केल्यावर तिलाही रद्दीकरणाचं शुल्क लावता येत नाही. प्रत्यक्षात काय चालतं ते आपण पाहतोच. प्रवाशाने रद्द केलं की पैसे कापले जातात आणि गाडीवाल्याने रद्द केलं की फार तर मूळ रक्कम परत मिळते. ऐन दिवाळीत संध्याकाळी दुप्पट भाव देऊन दुसरी गाडी शोधणाऱ्या माणसाला मूळ रक्कम परत देणं म्हणजे न्याय नव्हे. तक्रारीत या कलमाचा आधार घ्या आणि दुसऱ्या गाडीसाठी मोजलेला जादा खर्चही मागा. त्या दुसऱ्या तिकिटाची पावती अर्थातच सांभाळून ठेवायला हवी.

थांब्यावर उभं असताना

गाडी वेळेत आली नाही तर सुटण्याच्या वेळेपासून पुढची प्रत्येक हालचाल पुरावा असते. थांब्याचा फोटो घ्या, त्यात दुकानाची पाटी किंवा पुलाचं नाव दिसू द्या. फोनमध्ये वेळ आणि ठिकाणाची नोंद चालू ठेवा. चालकाला केलेले कॉल मोबाइलच्या यादीत राहतात, त्या यादीचा स्क्रीनशॉट काढा. ‘पुढच्या चौकात या’ असा फोन आला तर रिक्षाने धावण्याआधी एवढंच लिहून पाठवा : ‘तिकिटावर थांबा चांदणी चौक आहे, मी तिथेच उभा आहे.’ पुढे ‘प्रवासी वेळेवर आलाच नाही’ असं कंपनीने म्हटलं तर हा एक संदेश उपयोगी पडतो.

गाडी आली पण वेगळीच आली, हाही नेहमीचा अनुभव. वातानुकूलित स्लीपरचे पैसे घेतले आणि साधी सीटर पाठवली. खालचा बर्थ मागितलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला वरचा दिला. एकट्या मुलीची सीट बदलून तिला अनोळखी पुरुषाशेजारी बसवलं. प्रवास टाळणं शक्य नसतं, म्हणून लोक निमूट बसतात. बसा, पण गाडीचा नंबर, आतली सीट आणि तिकीट यांचे फोटो चढतानाच घ्या आणि गाडी सुटण्याआधी ॲपवर तक्रार नोंदवा. प्रवास पूर्ण केला म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. कमी दर्जाच्या गाडीचा आणि भरलेल्या भाड्याचा फरक मागता येतो.

एसटीच्या बाबतीत गाडी आली नाही किंवा आरक्षित जागेवर दुसरं कुणी बसलं तर स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाकडे जा आणि तक्रार लेखी द्या. आगारप्रमुखाच्या नावाने अर्ज देऊन त्याची पोच घ्या. सवलतीचं तिकीट ऑनलाइन काढताना योग्य प्रकार निवडला आहे ना, तेही पाहा. महिलांना १७ मार्च २०२३ पासून भाड्यात ५० टक्के सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत आणि ओळखपत्र जवळ असावं लागतं. घरच्या वडीलधाऱ्यांचं तिकीट तुम्ही काढून देत असाल तर त्यांच्या पिशवीत आधार कार्ड आहे ना, ते निघण्याआधीच विचारा.

आणखी एक गोष्ट, जिच्यात कंपनीचा दोष नसतो पण नुकसान पूर्ण होतं. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीची तारीख. शनिवारी रात्री जेवून निघायचं आणि गाडी साडेबाराची असेल तर थांब्यावर ती रविवारची झालेली असते. काही ॲप गाडी मूळ ठिकाणाहून सुटते ती तारीख मोठ्या अक्षरात दाखवतात आणि तुमच्या थांब्याची तारीख खाली बारीक असते. पैसे भरण्यापूर्वी थांब्यापुढची तारीख आणि वार वाचा. चोवीस तासांनी चुकलेल्या तिकिटाचे पैसे कुणीच देत नाही.

पैसे भरण्याआधीचा पडदा

भाडं ८९९ दिसतं आणि शेवटी ९८० कापले जातात. मधल्या रकमेत विमा, ‘मोफत रद्दीकरण’ नावाची पैसे देऊन घ्यायची सोय, सुविधा शुल्क, कधी कुठल्या संस्थेला देणगी असते. यातल्या काही चौकटींत आधीच खूण केलेली असते. ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाची संमती त्याने स्वतः, स्पष्ट कृतीने द्यायची असते. आधीच खूण केलेली चौकट ही संमती नव्हे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. त्यात अशा तेरा पद्धती दिल्या आहेत : न विचारता वस्तू माथी मारणं, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं, ‘शेवटच्या दोनच सीट’ अशी खोटी घाई लावणं, वगैरे. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढा, तोच तक्रारीचा आधार होतो. ‘मोफत रद्दीकरण’ घ्यायचंच असेल तर ते गाडी सुटण्याच्या किती तास आधीपर्यंत चालतं ते वाचून मगच घ्या.

भाड्याविषयीही एक नियम आहे. महाराष्ट्र शासनाच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयानुसार खासगी गाडीला त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्यापेक्षा जास्तीत जास्त दीडपट भाडं घेता येतं. सणासुदीला हा नियम सर्रास मोडला जातो. तक्रार प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे करायची. सोबत तिकीट आणि त्याच दिवशीचं एसटीचं भाडं दाखवणारा स्क्रीनशॉट जोडायचा. अधिकाऱ्यांनी स्वतःहून तपासणी करायला हवी हे खरंच, पण हातात ठोस तिकीट असल्याशिवाय कारवाई पुढे सरकत नाही.

कस्टमर केअरच्या नावाखाली

इथे सगळ्यांत जास्त सावध राहा, कारण इथे चारशे रुपये मागायला गेलेल्या माणसाचे चाळीस हजार जातात. रिफंड आला नाही म्हणून कुणी गूगलवर त्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधतं. वर दिसणारा नंबर भामट्यांनी पेरलेला असतो. तिकडचा माणूस मराठी-हिंदीत गोड बोलतो, ‘रिफंडचा फॉर्म’ म्हणून लिंक पाठवतो किंवा एनीडेस्कसारखं, तुमचा पडदा त्याला दिसेल असं ॲप घ्यायला लावतो. मग दहा रुपये पाठवून ‘खातं तपासू’ म्हणतो. तुम्ही पिन टाकता आणि खातं रिकामं होतं.

पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. कंपनीचा नंबर घ्यायचा तो तिच्या ॲपच्या आतून किंवा तिकिटावरून. आणि रागाच्या भरात समाजमाध्यमावर तक्रार लिहिताना तिकिटाचा पीएनआर आणि मोबाइल क्रमांक उघड करू नका. कंपनीच्या नावाचं खोटं खातं उघडून बसलेले लोक याच पोस्टच्या शोधात असतात. फसवणूक झालीच तर क्षणही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. आई-वडिलांना ही गोष्ट आजच समजावून सांगा, पैसे गेल्यावर नव्हे.

तक्रार कशी लिहावी

रागाची चार पानं लिहिण्यापेक्षा पाच-सहा कोरडी वाक्यं जास्त काम करतात. उदाहरणार्थ :

‘दिनांक … रोजी वाकड ते नागपूर प्रवासासाठी पीएनआर … हे तिकीट १,४५० रुपये भरून काढले. गाडीची वेळ रात्री ९.४५ होती. ११.१५ पर्यंत गाडी थांब्यावर आली नाही. १०.०५, १०.२० व १०.४० वाजता केलेल्या फोनना उत्तर मिळाले नाही. कॉलची नोंद व थांब्याचा फोटो सोबत आहे. तिकीट मी रद्द केलेले नाही. पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी आणि दुसऱ्या गाडीसाठी द्यावे लागलेले जादा ६०० रुपये द्यावेत. लेखी उत्तर द्यावे.’

यातला ‘मूळ खात्यात’ हा शब्द गाळू नका. ॲपच्या पाकिटात किंवा कूपनच्या रूपात परतावा देण्याची तयारी कंपन्या लगेच दाखवतात. ते पैसे पुन्हा त्यांच्याकडेच खर्च करावे लागतात आणि त्यांना मुदतही असू शकते.

हे पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेलने पाठवा. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केलं आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असं उत्तर आलं तरी निराश होऊ नका. तिकिटाचे पैसे ॲपने स्वीकारले आहेत, म्हणून तक्रारीत ॲप आणि ट्रॅव्हल्स या दोघांचीही नावं घाला. कार्डाने पैसे भरले असतील तर सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅकही मागता येतो, मात्र त्याला मुदत असते, म्हणून उशीर करू नका.

महिना उलटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. इथले कर्मचारी तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागवतात. त्यांना निकाल देण्याचा अधिकार नाही, तरी पुष्कळ कंपन्या इथे आलेली तक्रार मिटवतात. तिथेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मोठी सोय केली आहे : तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, मग कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस पाठवण्याची प्रथा आहे, ती पाळा. भाषा जमत नसेल तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात.

तिकीट चारशे रुपयांचं असलं तरी तक्रार करा. कंपनीच्या दृष्टीने एक गप्प बसलेला प्रवासी म्हणजे मिटलेला प्रश्न, आणि तीच गाडी पुढच्या शुक्रवारी पुन्हा दुसऱ्या कुणाला रस्त्यावर सोडते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, फोन निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.